घामाची मालकी

बारा मागण्यांच्या निवेदनात तेरावी मागणी शेवटी जोडायची, की बाकीच्या खाली ढकलून तिला पहिल्या नंबरावर बसवायची, यावर संघटनेच्या कार्यकारिणीत पाऊण तास वाद झाला. मग चहा आला, लोकांचे आवाज खाली आले आणि नवी मागणी पहिल्या क्रमांकावर गेली. ती दोनच शब्दांची होती : पट्टी हटवा.

मंदाकिनी उरकुडेनं ती स्वतःच्या हातानं लिहिली. राज्य जलसेवा महामंडळाच्या पिंपळझरी जलशुद्धीकरण केंद्रावर ती पंप ऑपरेटर होती, आणि दोन वर्षांपासून महामंडळाच्या कर्मचारी संघटनेची सरचिटणीस. अध्यक्ष होते वामनराव ढोमणे, निवृत्त व्हॉल्व्हमन, वय अडुसष्ट. मंदाकिनीचे वडील नोकरीत असतानाच गेले तेव्हा तिच्या अनुकंपा नेमणुकीची फाईल काखेत मारून हाच माणूस अकरा महिने कार्यालयांचे जिने चढला होता. संघटनेत तिला आणलं त्यांनीच, माईकसमोर उभं केलं तेही त्यांनीच. ती त्यांना काका म्हणायची.

दर हिवाळी अधिवेशनाला काका नागपूरला बारा मागण्या घेऊन जात. जुनी पेन्शन, कुटुंबाला वैद्यकीय सवलत, बाळंतपणाची पूर्ण रजा, चौथ्या नंबरावर 'ठेका कामगारांना कायम करा' आणि पुढं बाकीच्या. मंत्री हसतमुखानं निवेदन घेत आणि 'सकारात्मक विचार करू' म्हणत. सकारात्मक विचार करता करता सहा मंत्री माजी झाले होते. काका मात्र थकले नव्हते.

आणि आता थकवा हाच तर विषय होता.

ताप मोजायला माणसानं थर्मामीटर केला, रक्तदाब मोजायला फुगणारा पट्टा केला. पण 'मी थकलो' हे वाक्य हजारो वर्षं नुसतं वाक्यच राहिलं होतं. ऐकणाऱ्यानं मानलं तर थकवा, नाही मानलं तर आळस. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डॉ. तस्नीम बोहरी यांनी ते वाक्य मोजून दाखवलं. स्नायू असो की मेंदू, पेशी राबली की तिच्यातून दोन प्रकारच्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर पडतात. एक राबण्याचं, दुसरं दुरुस्तीचं. विश्रांती मिळाली की दुसरं वाढतं, नाही मिळाली की पहिलं साचत जातं. या दोघांचं प्रमाण म्हणजे थकवा. चहा पिऊन ते बदलत नाही, गोळी घेऊन बदलत नाही, साहेब समोर आल्यावर ताठ उभं राहिलं तरी बदलत नाही. बदलतं ते फक्त विसाव्यानं.

दंडावर चिकटवायची बोटभर रुंदीची एक पट्टी, तिच्या पोटाशी केसाहून बारीक दोनशे सुया. त्या टोचत नाहीत, कातडीखालच्या पाण्याला नुसत्या शिवतात आणि दर दहा मिनिटांनी शून्य ते शंभरमधला एक आकडा देतात. चाळीसपर्यंत पट्टीवर हिरवा ठिपका, सत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढं लाल.

महामंडळानं ती आणली ते चांगल्या मनानंच. एका केंद्रावर सलग तिसरी पाळी करणाऱ्या ऑपरेटरच्या हातून क्लोरीनचा कॉक उघडा राहिला, आठ जण खोकत दवाखान्यात गेले. त्यानंतर सगळ्यांच्या दंडावर पट्टी आली. आणि पट्टीपाठोपाठ परिपत्रक आलं. हिरव्यातल्या माणसाला रजा देण्याचं कारण नाही, जादा पाळी मात्र देता येईल. लाल झालेला माणूस कामास अपात्र, त्याला घरी पाठवावं आणि तो दिवस बिनपगारी धरावा.

झालं! सगळं महामंडळ पिवळ्यात राहायची धडपड करू लागलं. आस्थापना शाखेतले चिंधूजी हटवार मेहुणीच्या लग्नासाठी रजा मागायला निघाले तेव्हा दंडावर अडतीस होते. ते टाकीच्या जिन्यावर चार वेळा चढले-उतरले आणि धापा टाकत, बावन्न आकडा मिरवत, अर्ज घेऊन साहेबांपुढं उभे राहिले. रजा मंजूर झाली. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रांग लागली.

असं सगळं असताना 'पट्टी हटवा'शिवाय दुसरं काय मागायचं? मंदाकिनीलाही तेच वाटत होतं. शेवंता नैतामला पंपहाउसमागं झोपलेली बघेपर्यंत.

नोव्हेंबरातली दुपार होती. पंपाचा आवाज थोडा बदलला म्हणून मंदाकिनी बाहेरून फेरी मारायला गेली, तर भिंतीच्या सावलीत सिमेंटच्या चौथऱ्यावर एक बाई तोंडावर पदर घेऊन आडवी. शेजारी दुसरी पहाऱ्याला उभी. मंदाकिनीला पाहताच ती खाकरली आणि आडवी झालेली शेवंता ताडकन उठून बसली.

"मॅडम, दहा मिंटं झाले फक्त. लिहू नका जी."

"मी कशाला लिहू? बरं वाटत नाहीये का तुला?"

"बरी हाव मी. आकडा उतरवून राहिली होती." शेवंतानं दंड पुढं केला. "झोपली तवा एकोणसत्तर होता. सत्तर झाला का सुपरवायझर घरी धाडते, रोजी बुडते. म्हणून आमी पाळीपाळीनं झोपतो. एक जण झोपते, एक जण राखते."

मंदाकिनीनं घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजत होते. स्वतःचा दंड पाहिला. सकाळी सहापासूनची पाळी असूनही सेहेचाळीस.

शेवंता आणि तिच्या सोबतच्या अठरा बायका ठेकेदाराकडून फिल्टर बेडवर होत्या. नदीचं पाणी वाळूतून गाळलं की वाळूच्या अंगावर हिरवट बुळबुळीत थर बसतो. गुडघाभर ओल्यात उभं राहून तो फावड्यानं खरवडायचा, घमेल्यांनी वर काढायचा, धुवायचा आणि पुन्हा पसरायचा. या कामासाठी महामंडळानं एक यंत्रमानव विकत घेतला होता. तो पहिल्याच आठवड्यात गाळात रुतला, आणि आता त्याच्या डोक्यावर बगळे बसत. महामंडळाच्या कामांच्या यादीत या कामापुढं 'हलके' असा शेरा होता. बायका करतात ते काम जड कसं असेल, अशा समजुतीनं कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी तो मारला होता आणि मग तो कुणीच पुसला नव्हता.

"आता किती झाला ग?" मंदाकिनीनं विचारलं.

शेवंतानं दंडाकडं पाहिलं. "पंचावन. वीस मिंटं पडलं का पन्नाशीच्या खाली येते. मग सांजपर्यंत सत्तर नाही होत, पाहा तुम्ही. आमाले ठाऊक झालं आता."

मंदाकिनी तिथंच चौथऱ्यावर बसली. डॉक्टर बोहरींना जे शोधायला प्रयोगशाळा लागली असती, ते या बायकांनी भिंतीच्या सावलीत शोधून काढलं होतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. चाळीस वर्षं यादीत 'हलकं' असलेलं काम या पट्टीनं दुपारी साडेबारालाच लालच्या दारात नेऊन उभं केलं होतं. हे आजवर कुणी म्हटलं असतं तर 'कुरकुर' म्हणून सोडून दिलं असतं. आकड्याला कुरकुर कसं म्हणणार?

महामंडळाकडं तिनं सगळ्यांच्या नोंदी मागितल्या. उत्तर चौथ्या दिवशी आलं : नोंदी ही महामंडळाची मालमत्ता असून त्या देता येणार नाहीत.

"अरे, पण दंड तर आपला आहे!" ती भावंडांच्या व्हॉट्सॲपवर लिहावं तसं संघटनेच्या सगळ्या शाखांना लिहून मोकळी झाली. "प्रत्येकानं शाळेची एक वही घ्या. दर तासाला दंडावरचा आकडा आणि हातातलं काम लिहा. बारा दिवस."

लोकांना हे भलतंच आवडलं. ज्यांनी आयुष्यात डायरी लिहिली नव्हती ते वही उशाशी घेऊ लागले. एकानं 'साहेबांची मीटिंग, काहीही बोललो नाही, तरी एकसष्ट' असं लिहिलं होतं. पन्नास केंद्रांवरून अकराशे वह्या आल्या. मंदाकिनीनं आणि शाखेतल्या तिघींनी त्या कामांप्रमाणं लावल्या. साहेबलोकांची सरासरी चौतीस, पंप ऑपरेटरची एकोणपन्नास, गळती शोधत रस्ते खणणाऱ्यांची साठ. आणि फिल्टर बेडवरच्या बायकांची, चोरून झोपत असूनही, चौसष्ट.

याच सुमारास सरकारनं एक विधेयक आणलं. पट्टी सगळ्याच सरकारी आणि निमसरकारी नोकरांना सक्तीची करायची. विरोधकांनी गोंधळ घातला, म्हणून ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं, आणि समितीनं संघटनांना नागपूरला म्हणणं मांडायला बोलावलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच निवेदन देऊन हात जोडून परत यायचं नव्हतं. बसून बोलायचं होतं.

मंदाकिनीनं कार्यकारिणीसमोर नवा कागद ठेवला. त्यात 'पट्टी हटवा' नव्हतं. त्याऐवजी तीन कलमं होती. अंगातून निघालेल्या आकड्याचा मालक ज्याचं अंग तोच. काम हलकं की जड हे आकड्यावरून ठरेल, आणि जड कामाला लवकर पेन्शन, वैद्यकीय सवलत आणि जादा रजा. आणि तिसरं, प्रत्येक पाळीत भरपगारी अर्ध्या तासाचा विसावा. लाल झाला तर सक्तीची सुट्टी, तीही भरपगारी.

काकांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"मंदा, तू यंत्राच्या बाजूनं बोलून राहिली."

"काका, यंत्र आपल्या बाजूनं बोलतंय. पहिल्यांदाच."

"मी सांगतो तुला यंत्र कोणाच्या बाजूनं बोलते ते. हजेरीचं यंत्र आलं तवा म्हणाले, तुमचीच सोय. मग उशिराचे मिनिटं कापू लागले. गाड्यांवर यंत्र लावलं, म्हणाले, तुमचीच सुरक्षा. मग मुतायला थांबलो तर नोटीस. हे आता कातडीच्या आत शिरून राहिले, आणि तू म्हणते, बसा!"

"नुसतं बसा नाही म्हणत. मालक आम्ही, असं म्हणते."

"मालकी कायद्यात लिहून येत नसते, पोरी. ज्याच्या हातात कळ, तो मालक."

"मग फिल्टर बेडवरच्या बायकांचं काय करू, काका? पट्टी काढली की त्यांचं काम उद्यापासून पुन्हा हलकं."

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "त्या आपल्या सभासदही नाहीत. सभासदांचं पाहा आधी." आणि लगेच स्वतःच्याच बोलण्यानं चपापल्यासारखे झाले, कारण चौथ्या नंबरची मागणी पंचवीस वर्षं तेच तर मांडत आले होते. पण बोललेलं मागं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते निघून गेले.

मतदान झालं. मंदाकिनीच्या बाजूनं अकरा, विरुद्ध नऊ. ती जिंकली आणि घरी येऊन न जेवता बसून राहिली. ज्या माणसानं तिला हात वर करायला शिकवलं, त्याच्याच विरुद्ध आज लोकांनी तिच्यासाठी हात वर केले होते. तिच्या दंडावर लाल ठिपका होता. पाळी संपून तीन तास झाले होते.

पुढचे पंधरा दिवस काकांचा फोन आला नाही. नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी आला. "मी येतो. बोलणार नाही. मागं बसतो."

विधानभवनातल्या समितीच्या खोलीत लांबलचक टेबल, त्याभोवती सतरा आमदार. अध्यक्ष यशोधन काळमेघ, धिप्पाड आणि घाईतले. एका बाजूला महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक, त्यांच्यामागं पडद्यावर महामंडळाचं बोधचिन्ह. दुसऱ्या बाजूला मंदाकिनी, तिच्या मागं संघटनेचे सहा जण, काका, आणि साक्षीला म्हणून आणलेली शेवंता. शेवंतानं नवं लुगडं नेसलं होतं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर ती बसली होती.

संचालकांनी सुरुवात केली. हसरे होते, बोलणं मऊ होतं. "पट्टीबद्दल विनाकारण भीती पसरली आहे. मी सन्माननीय सदस्यांसाठी काही पट्ट्या आणल्या आहेत. लावून बघा, मुंगीही चावत नाही."

सदस्यांनी हौसेनं बाह्या वर केल्या. कुणी शेजाऱ्याला लावून दिली, कुणी फोटो काढला. संचालक आकडेवारी सांगत राहिले. दहा मिनिटं झाली आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर एकेका सदस्याचं नाव आणि आकडा उमटू लागला.

आधी हशा झाला. विरोधी पक्षाच्या एका सदस्याला अठ्ठावन्न, तर ते म्हणाले, "बघा, काम कोण करतं!" सकाळभर सभागृहात बसून आलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या नावापुढं एकोणीस आलं.

"आबासाहेब, सभागृहात एवढी विश्रांती मिळते होय?" शेजारच्या सदस्यानं चिमटा काढला.

आबासाहेबांनी पट्टीवर हात ठेवला, जणू तसं केल्यानं पडद्यावरचा आकडा झाकणार होता. मग सगळ्यात वर, लाल अक्षरांत, नाव आलं : काळमेघ, त्र्याऐंशी.

हशा थांबला. अध्यक्षांनी पडद्याकडं पाहिलं, मग आपल्या दंडाकडं.

"हे बंद करा," ते म्हणाले. "हा आकडा आता कुठं गेला?"

"आमच्या सर्व्हरवर, सर. संपूर्ण सुरक्षित."

"कोण बघू शकतं?"

"फक्त अधिकृत अधिकारी."

"म्हणजे तुम्ही."

संचालक हसले, पण थोडं उशिरा.

"आणि घरी गेल्यावर?"

"नोंद चोवीस तासांची असते, सर. कर्मचारी घरी पुरेशी झोप घेतो की नाही, हेही कळायला हवं ना."

काळमेघांनी पट्टी खसकन ओढून काढली. टेबलाभोवती एकामागून एक पट्ट्या निघू लागल्या. मंदाकिनी उठून उभी राहिली. रात्रभर घोकलेलं भाषण तिनं बाजूला ठेवलं.

"अध्यक्ष महोदय, परिपत्रकाप्रमाणं आता आपल्याला घरी पाठवावं लागेल, आजचा दिवस बिनपगारी. आणि आबासाहेबांना आजपासून रजा नाही, जादा पाळी."

खोली पुन्हा हसली. आबासाहेब सगळ्यात मोठ्यानं.

"हसू येतंय, बरं वाटतंय," ती म्हणाली. "आम्हीही वर्षभर हसूनच काढलं. पण आपण आत्ता पट्टी काढलीत, तशी आम्हाला काढता येत नाही. आम्ही ती काढा म्हणत नाही. आकडा खोटं बोलत नाही, हे आपणही पाहिलंत. साहेब, आपण खरंच थकला आहात. हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. आम्हालाही कुणी मानत नव्हतं. आम्ही एवढंच मागतो की आकडा आधी ज्याचा घाम त्याच्या हातात जावा, आणि त्यानं परवानगी दिली तरच दुसऱ्याच्या." मग तिनं वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एकेक सरासरी वाचून दाखवली. चौसष्टवर आली तेव्हा कुणी हसत नव्हतं.

काळमेघ बराच वेळ वह्या चाळत राहिले. मग शेजारच्या सदस्यांशी कुजबुजले, संचालकांशी कुजबुजले, आणि सरळ बसले.

"उरकुडेताई, तुमची तिन्ही कलमं थोडी कमीजास्त करून घेऊ. माझी तयारी आहे. पण कायम कर्मचाऱ्यांसाठी. ठेक्यावरच्यांचा विषय वेगळा. तो पुढच्या अधिवेशनात बघू. हो म्हणत असाल तर आत्ता लिहून घेतो."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हो म्हण, मंदाताई!" नऊ हजार सभासद. पंचवीस वर्षांत हाती न लागलेलं हातभर अंतरावर होतं, फक्त एक शब्द बोलायचा होता. पुढचं अधिवेशन म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. सकारात्मक विचार. तिनं मागं वळून पाहिलं. शेवंता तिच्याकडं बघत होती. नजरेत ना विनवणी, ना राग. बस निघून जाताना बघावी तसं शांत.

"मान्य नाही, साहेब," मंदाकिनी म्हणाली.

संघटनेच्या लोकांत चुळबुळ झाली. संचालकांनी संधी साधली. "अध्यक्ष महोदय, त्या महिला ठेकेदाराच्या आहेत. आमच्या कर्मचारी नाहीतच. त्यांची जबाबदारी महामंडळावर कशी येईल?"

"मी बोलू का जी?" शेवंता उभी राहिली होती. तिनं पदर दंडावरून बाजूला केला. "हे पट्टी कोणाची आहे?"

संचालकांनी निरखून पाहिलं. "आमचीच. त्यावर क्रमांक आहे."

"आकडा कोणाकडे जाते?"

"आमच्याकडे."

"लाल झाली तं घरी कोण धाडते? तुमचाच साहेब धाडते. अन् कामापुरती मी तुमची, विसाव्यापुरती ठेकेदाराची, असं कसं जी?"

मग मागच्या खुर्चीवरून एक जाड, ओळखीचा आवाज आला.

"अध्यक्ष महोदय! व्याख्या लिहून घ्या!"

काका उभे होते. न बोलण्याचं वचन त्यांनी तिथंच मोडलं. "पंचवीस वर्षं मी याच भवनात विचारून राहिलो, ठेक्यावरचा माणूस कर्मचारी काऊन नाही? दरवेळी उत्तर येते, पुरावा काय? हजेरी ठेकेदाराची, ओळखपत्र ठेकेदाराचं. आज महामंडळाच्या साहेबांनी स्वतःच्या तोंडानं पुरावा दिला. पट्टी यांची, क्रमांक यांचा, नोंद यांची, हुकूम यांचा. मग लिहा कायद्याच्या पहिल्या ओळीत : या कायद्यापुरता कर्मचारी म्हणजे, ज्याच्या अंगावर या महामंडळाची पट्टी आहे तो. नसेल कर्मचारी म्हणायचं, तर आत्ता हिच्या दंडावरची पट्टी काढून घ्या आणि सांगा, उद्या फिल्टर बेड कोण धुणार?"

संचालक काहीतरी म्हणू लागले. काळमेघांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते शेवंताच्या दंडाकडं पाहत होते. तिथं पिवळा ठिपका होता.

"घ्या लिहून," ते सचिवांना म्हणाले.

बाहेर आल्यावर हिरवळीवर संघटनेच्या लोकांनी काकांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. काकांनी ओरडून सगळ्यांना दूर लोटलं. "अडुसष्ट वर्षांचं हाड आहे, पडलो तर तुमच्याच वैद्यकीय सवलतीत जाईन!" मग ते मंदाकिनीजवळ आले. दोघंही जरा वेळ संत्र्याच्या गाडीकडं बघत राहिले.

"तू मान्य नाही म्हणालीस," काका म्हणाले, "तवा मले वाटलं, गेलं सगळं. मग वाटलं, अरे, हे तर माह्यंच चार नंबर बोलून राहिली."

"काका, तुम्ही मागं बसणार होता ना?"

"मागंच होतो की. उभा राहिलो फक्त." त्यांनी गाडीवाल्याला हाक मारली. "दोन डझन दे गा, गोड पाहून. आणि तिचे पैसे घेऊ नको, ती लाल झाली असंल."

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधेयक मंजूर झालं. जसंच्या तसं नाहीच. अर्ध्या तासाच्या विसाव्याची वीस मिनिटं झाली, पंचावन्नव्या वर्षीची पेन्शन सत्तावन्नवर सरकली, जादा रजा निम्मी झाली. कापलेल्या प्रत्येक गोष्टीखाली काकांनी तांबड्या शाईनं रेघ ओढून ठेवली, पुढच्या वर्षीसाठी. पण पहिली ओळ शाबूत राहिली. त्या एका ओळीनं चौदा हजार ठेका कामगार एका सकाळी महामंडळाचे कर्मचारी झाले, आणि कामांच्या यादीतून 'हलके' हा शेरा पुसला गेला.

कायदा लागू झाला एक मार्चला. त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या स्वतःच्या अंगाची चौदा महिन्यांची नोंद येऊन पडली. कामाच्या वेळेबाहेरची नोंद आता महामंडळाला दिसणार नव्हती, ज्याची त्यालाच दिसणार होती. लोक जत्रेत फोटो पाहावेत तशा आपापल्या रेघा पाहत बसले. चिंधूजींनी मेहुणीच्या लग्नातला आकडा शोधून काढला. तो जिन्याच्या आकड्यापेक्षाही जास्त होता.

आठवड्याभरानं शेवंता फोन घेऊन पंपहाउसमध्ये आली. आता ती विसाव्याची वीस मिनिटं उघडपणे, पंख्याखाली, घोरत घ्यायची. पण आज झोप बाजूला ठेवून आली होती.

"मॅडम, हे पाहा जरा. यंत्र बिघडलं का?"

मंदाकिनीनं पाहिलं. सोमवार ते शनिवार रेघ पन्नास ते सत्तरच्या मध्ये. आणि दर रविवारी सरळ वर. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, ऐंशी.

"रविवारी काय करतेस ग तू?"

"काही नाही जी. सुट्टीच असते." शेवंता आठवू लागली. "आठवड्याचे कपडे, सारवण, दळण, पावणे आले तं सैपाक. बाकी काही नाही." आणि बोलता बोलताच तिला ते ऐकू आलं. तिनं फोनकडं पाहिलं, मंदाकिनीकडं पाहिलं, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. इतकं की बाहेरून एक-दोघी डोकावून गेल्या.

"आता सांगा," शेवंता डोळे पुसत म्हणाली, "याच्यासाठी मोर्चा कोणत्या अधिवेशनात न्यायचा?"

"हा आकडा तुझ्या मालकीचा आहे," मंदाकिनी म्हणाली. "कुणाला दाखवायचा ते तू ठरव."

शेवंतानं फोन कमरेला खोचला आणि फावडं उचलून बेडकडं गेली.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाला मंदाकिनी पाळीवर आली तेव्हा शेवंता फाटकाशीच उभी होती. तिनं फोन पुढं धरला. रविवारची रेघ, एक्केचाळीस.

"काय केलंस?"

"नवऱ्याले दाखवलं. अन् पोराले. कायदा झाला म्हटलं, लाल झाली का घरी धाडा लागते. घरीच तं हाव, मंग कुठं धाडता?" तिनं पदर तोंडाला लावला, तरी हसू लपेना. "दोघंबी गुमान उठले. भाकरी त्यायनं थापल्या. सगळ्या करपल्या, मॅडम, एक धड नाही. पण मी आडवी पडून खाल्ल्या."